नळी कधी निघणार? : वाचकांचे प्रश्न, अतिदक्षता विभागातील डॉक्टरांची उत्तरे

अतिदक्षता विभागासंबंधी प्रश्न पाठवावेत, असे या सदरात सुचवल्यानंतर ठाणे आणि नवी मुंबईतून जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा रोख व्हेंटिलेटरवर, म्हणजे तोंडातून श्वासनलिकेत घातलेल्या नळीवाटे श्वास देणाऱ्या यंत्रावर आहे. तो लावावा का, यापेक्षा तो कधी निघणार, याची चिंता मोठी दिसते. पत्रे संक्षेपाने दिली आहेत आणि ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. दुरून कोणा एका रुग्णाचा निर्णय देता येत नाही. मात्र तो निर्णय आम्ही कसा घेतो, हे सांगता येते.

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. न्यूमोनियामुळे ते नऊ दिवसांपासून एका खासगी रुग्णालयात व्हेंटिलेटरवर आहेत. आता ताप नाही आणि ऑक्सिजनही ४० टक्क्यांवर आला आहे. तरीही दोनदा ‘ट्रायल फेल झाली’ असे सांगून पुन्हा मशीन पूर्ववत केले. ट्रायल म्हणजे प्रयोग का? नळी निघेल की नाही हे अनुभवी डॉक्टरांना नुसते पाहून कळत नाही का? बाहेर बाकड्यावर बसलेले लोक म्हणतात, मशीनचे पैसे दिवसावर असतात म्हणून लांबवतात. (कोपरी, ठाणे पूर्व)

उत्तर : तुमच्या मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर आम्हा डॉक्टरांना फारसे भूषणावह नाही. नुसते पाहून कळत नाही. वीस वर्षे आयसीयूत काढलेल्या माणसाचाही अंदाज चुकतो, आणि चुकतो तो बहुधा उशिराच्या बाजूने. ज्या रुग्णांनी गुंगीत किंवा वैतागून स्वतःच्या हाताने नळी उपसून काढली, त्यांपैकी जवळपास निम्म्यांना ती पुन्हा घालावी लागत नाही, असे निरनिराळ्या देशांत वारंवार आढळले आहे. म्हणजे ‘अजून तयार नाहीत’ असे आम्ही ठरवून बसलेल्या रुग्णांत पुष्कळ जण तयार असतात. म्हणूनच अंदाजावर विसंबण्याऐवजी रुग्णाची रोज परीक्षा घ्यावी, ही पद्धत रूढ झाली. ट्रायल म्हणजे प्रयोग नव्हे, ती ही परीक्षा.

परीक्षेला बसवण्याआधी रोज सकाळी काही गोष्टी पाहिल्या जातात. ज्या आजारासाठी नळी घातली तो उतरणीला लागला आहे का? मशीनमधून द्याव्या लागणाऱ्या हवेतला ऑक्सिजन साधारण ४० ते ५० टक्क्यांवर आणि मशीनचा तळाचा दाब, ज्याला आम्ही पीप म्हणतो, तो ५ ते ८ वर आला आहे का? रक्तदाब टिकवणारी औषधे बंद किंवा अगदी थोडी आहेत का? हाक मारल्यावर रुग्ण डोळे उघडतो का, आणि स्वतःहून श्वास घेण्याची उचल त्याच्यात दिसते का? तुमच्या वडिलांना ट्रायल दिली गेली, त्याअर्थी ही पायरी ते चढले आहेत, आणि नवव्या दिवशी ही लहान गोष्ट नाही.

मग मशीनचा आधार अगदी कमी केला जातो. केवळ नळीतून हवा ओढण्याचे जादा कष्ट भरून निघावेत एवढा, म्हणजे ५ ते ८ सेंटिमीटर पाण्याचा दाब ठेवतात, किंवा नळीला टी आकाराची जोडणी लावून नुसता ऑक्सिजन सोडतात. अर्धा तास ते दोन तास रुग्णाने स्वतःच्या बळावर श्वास घ्यायचा असतो. पूर्वी ही वेळ सर्रास दोन तासांची असे. १९९९ साली स्पेनमधील डॉक्टरांनी तुलना करून दाखवले की पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत अर्ध्या तासातही तेवढेच कळते.

या वेळात मी मॉनिटरकडे कमी आणि रुग्णाकडे अधिक पाहतो. पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून चादर कमरेपर्यंत खाली घेतली की बरेच काही दिसते. मानेचे स्नायू दोरीसारखे ताणले जात आहेत का? श्वास घेताना पोट वर येण्याऐवजी आत ओढले जाते का? कपाळावर घाम, भिरभिरणारी नजर, चादर मुठीत धरणे, हीही उत्तरेच आहेत. श्वास मिनिटाला ३५ च्या वर टिकून राहिला, रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण ९० टक्क्यांच्या खाली गेले, नाडी १४० पार झाली, किंवा वरचा रक्तदाब १८० च्या वर अथवा ९० च्या खाली गेला, तर परीक्षा थांबवायची. रुग्णाला दमवून पास करायचे नसते.

एक सोपा हिशेबही आहे, जो १९९१ साली अमेरिकेत मांडला गेला आणि आजही रोज वापरला जातो. मिनिटाला किती श्वास, त्याला एका श्वासात किती लिटर हवा आत जाते त्या आकड्याने भागायचे. मिनिटाला २४ श्वास आणि प्रत्येकात ४०० मिलिलिटर हवा असेल, तर २४ भागिले ०.४, म्हणजे ६०. मिनिटाला ३६ श्वास आणि प्रत्येकात २५० मिलिलिटर असेल, तर १४४. आकडा १०५ च्या वर असेल तर श्वास उथळ आणि घाईचा आहे, म्हणजे रुग्ण दमणार असे समजतात. हा आकडा मदतनीस आहे, न्यायाधीश नव्हे.

आता दोनदा नापास होण्याविषयी. नापास झाल्याची नोंद करून दुसऱ्या दिवशी तीच परीक्षा तशीच पुन्हा घेणे, हे आमच्या क्षेत्रातले सर्वांत सामान्य आळसाचे काम आहे. खरे काम ‘का नापास झाले’ हे शोधण्याचे. तुमच्या वडिलांच्या वयात एक कारण हमखास पाहावे लागते, ते म्हणजे हृदय. व्हेंटिलेटर छातीत दाबाने हवा ढकलतो, त्यामुळे हृदयाकडे परतणारे रक्त काहीसे कमी होते आणि डाव्या बाजूचे कामही हलके होते. मशीनचा दाब काढला की परतणारे रक्त वाढते, हृदयावरचा भार वाढतो, आणि आधीच कमकुवत किंवा कडक झालेले हृदय असेल तर पाऊण तासात फुप्फुसांत पाणी साचू लागते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते फुप्फुसे कमी पडली, पण कमी पडलेले असते हृदय. नऊ दिवसांत सलाइनमधून अंगात साठलेले पाणी यात भर घालते. अशा वेळी ट्रायलच्या आधी आणि शेवटी हृदयाची इको तपासणी करून, लघवी वाढवणारे औषध देऊन, दोन दिवसांत दोन-तीन लिटर पाणी उतरवले की तोच रुग्ण पास होताना मी पाहिला आहे.

दुसरे कारण स्नायूंचे. छाती आणि पोट यांमधला पडदा हा श्वासाचा मुख्य स्नायू आहे, आणि मशीनने त्याचे सगळे काम स्वतःकडे घेतले तर तो दिवसांच्या हिशेबाने झिजतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १८ ते ६९ तासांच्या पूर्ण विश्रांतीनंतरच त्याचे तंतू बारीक झालेले दिसले. त्यातच पोटॅशियम, फॉस्फरस कमी असणे, आहार अपुरा असणे, जंतुसंसर्ग शरीरात दुसरीकडे धुमसत असणे, ही कारणे असतात. परीक्षेत दमलेल्या रुग्णाला एक पूर्ण दिवस नीट आधार देऊन विसावू द्यायचे, दोष दुरुस्त करायचा, आणि मग दुसऱ्या सकाळी पुन्हा बसवायचे. वाचकांना वाटते तसे तासातासाने मशीन थोडे थोडे कमी करत नेणे हा वेगवान मार्ग ठरलेला नाही. १९९५ साली स्पेनमध्येच झालेल्या तुलनेत दिवसातून एकदा सरळ परीक्षा घेतलेले रुग्ण लवकर सुटले.

बाकड्यावरच्या बोलण्याविषयी. तसे कोणीच करत नाही, असे मी लिहिणार नाही. पण ते ओळखण्याचा मार्ग बाकड्यावर नाही. दररोजच्या भेटीत तीन प्रश्न विचारा : आज ट्रायल झाली का? झाली नसेल तर कशासाठी थांबलो आहोत? नापास झाली असेल तर कारण काय सापडले, आणि त्यावर आज काय करणार? ज्या विभागाकडे या तिन्हींची उत्तरे आहेत, तो मुद्दाम लांबवत नसतो. ‘बघू, अजून दोन दिवस’ एवढेच ऐकू येत असेल, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

प्रश्न : माझ्या पतींची नळी दुपारी काढली. ते माझ्याशी बोलले, चहा मागितला. रात्री धाप लागली आणि पहाटे पुन्हा नळी घातली. घाई झाली का? चूक कोणाची? (ऐरोली)

उत्तर : ठरवून नळी काढलेल्या रुग्णांपैकी साधारण दहा ते वीस टक्क्यांना पुढच्या दोन-तीन दिवसांत ती पुन्हा लागते. चांगल्या रुग्णालयातही हेच घडते. एखादा विभाग म्हणाला की आमच्याकडे नळी कधीच पुन्हा घालावी लागत नाही, तर मला उलट शंका येईल, कारण तिथे सगळ्यांनाच गरजेपेक्षा जास्त दिवस मशीनवर ठेवत असणार. मात्र ही गोष्ट हलकीही नाही. ज्यांना पुन्हा नळी लागते, त्यांचा धोका इतरांपेक्षा वाढतो.

ट्रायलमध्ये नळीतून श्वास घेता येतो का हे कळते. नळी गेल्यावर घसा उघडा राहील का आणि कफ बाहेर टाकता येईल का, हे त्यात कळत नाही. ते वेगळे पाहावे लागते. नळीभोवतीचा फुगा रिकामा करून बाजूने हवा गळते का ते ऐकतात. हवा अजिबात गळत नसेल तर घशाला सूज असण्याची शक्यता असते, आणि नळी काढण्याच्या निदान चार तास आधी स्टिरॉइड सुरू करतात. खोकल्यासाठी मी एक जुनी साधी युक्ती वापरतो : नळीच्या तोंडापासून एक-दोन सेंटिमीटरवर पांढरे कार्ड धरायचे आणि रुग्णाला तीन-चारदा खोकायला सांगायचे. कार्ड ओले झाले तर खोकल्यात जोर आहे. तासातासाला सक्शन करावे, म्हणजे नळीतून कफ ओढून काढावा लागत असेल आणि कार्ड कोरडे राहत असेल, तर बाकी सगळे आकडे चांगले असूनही मी थांबतो.

ज्यांना आधीपासून दमा किंवा सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार आहे किंवा हृदय कमजोर आहे, त्यांना नळी काढल्याबरोबर मास्कमधून दाबाने हवा देणारे बायपॅप यंत्र किंवा नाकातून जोराचा ऑक्सिजन लावला तर फायदा होतो. पण धाप लागल्यावर तासन्‌तास मास्कवर वाट पाहत बसणे घातक ठरू शकते. त्यामुळे तुमच्या पतींना पहाटे विनाविलंब नळी घातली, यात मला दोष दिसत नाही. घाई झाली होती का, हे त्यांच्या खोकल्याची आणि कफाची त्या दुपारची नोंद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही; ती तुम्ही मागू शकता. चहा दिला नसेल अशी आशा करतो. कित्येक दिवस नळी असलेल्या घशाला गिळण्याची सवय सुटलेली असते, आणि पहिला घोट श्वासनलिकेत जाण्याची भीती खरी असते.

प्रश्न : आई शांत झोपलेली होती. डॉक्टरांनी झोपेचे औषध बंद केले आणि ती तळमळू लागली, नळी ओढू लागली, म्हणून हात बांधले. हा छळ कशासाठी? (घणसोली)

उत्तर : ती शांत दिसत होती, पण झोपलेली नव्हती, ती गुंगीत होती. झोपेने माणूस ताजा होतो, गुंगीने होत नाही. गुंगीतला रुग्ण परीक्षेला बसू शकत नाही, त्याचे स्नायू हलत नाहीत, आणि मशीनचे दिवस वाढतात. रोज सकाळी गुंगीचे औषध थांबवून पाहिले तर मशीनचे दिवस कमी होतात, हे २००० साली दिसले. २००८ साली जागे करणे आणि श्वासाची ट्रायल या दोन्ही गोष्टी एकाच सकाळी जोडून केल्या, तेव्हा त्या गटातील रुग्ण लवकर सुटले आणि वर्षभरानंतर त्यांच्यातले अधिक जण हयात होते. जागे झाल्यावरची पहिली काही मिनिटे पाहणाऱ्याला जड जातात, हे खरे आहे. वेदनेचे औषध मात्र थांबवायचे नसते. तळमळ नळीमुळे आहे, दुखण्यामुळे आहे की भ्रमामुळे, हे सिस्टरांनी आणि डॉक्टरांनी वेगवेगळे ओळखायचे असते.

हात बांधण्याबद्दल तुमच्याइतकाच मीही नाराज असतो. काही तासांपुरते ते टळत नाही, पण कोणी शेजारी बसून हात धरला तर पुष्कळदा टळते. त्या वेळेपुरते आत बसू द्याल का, असे विचारून पाहा.

प्रश्न : मुरबाडच्या घरी जमिनीवर झोपलेल्या माझ्या भावाला मण्यार चावली. सात दिवस तो ठाण्यात व्हेंटिलेटरवर आहे. एक्स-रे स्वच्छ, ऑक्सिजन नेहमीच्या हवेइतकाच लागतो. मग नळी का काढत नाहीत? तो डोळेही उघडत नाही, मेंदू गेला आहे का? (वर्तकनगर)

उत्तर : वरच्या सगळ्या पत्रांहून हे प्रकरण उलटे आहे. त्याची फुप्फुसे बिघडलेलीच नाहीत. बिघडला आहे तो नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप. मण्यारीचे विष नसांच्या टोकांना इजा करते, आणि एकदा झालेली इजा सर्पविषावरच्या इंजेक्शनने उलटत नाही. ती टोके पुन्हा सुधारायला दिवस लागतात, कधी दोन आठवडेही. तोवर श्वास मशीनने द्यायचा, एवढाच उपाय, आणि तो उत्तम उपाय आहे. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओच्या साथीत हेच झाले होते : फुप्फुसे ठीक, स्नायू गेलेले. तेव्हा पुरेशी यंत्रे नव्हती म्हणून वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून आठवडेच्या आठवडे हाताने फुगा दाबून रुग्ण जगवले, आणि आजच्या आयसीयूची सुरुवात बरीचशी तिथून मानतात.

अशा रुग्णात ऑक्सिजनचा आकडा काहीच सांगत नाही. आम्ही पाहतो ते असे : पापण्या किती उघडतात, उशीवरून डोके उचलून पाच सेकंद धरता येते का, नळी बंद केल्यावर तो किती जोराने हवा ओढतो, आणि लाळ गिळता येते का. मान उचलता न येणाऱ्याची नळी मी काढत नाही, मग ट्रायल कितीही सुंदर होवो. शेतातल्या कीटकनाशकाची विषबाधा झालेल्यांनाही हाच नियम लागू आहे. त्यांच्यात पहिल्या दिवसानंतर, साधारण चौथ्या दिवसापर्यंत, सावरल्यासारखे वाटत असतानाच मान आणि श्वासाचे स्नायू पुन्हा ढिले पडू शकतात.

आणि सर्वांत महत्त्वाचे. पापण्या उघडत नाहीत याचा अर्थ मेंदू गेला असा नाही. मण्यारीच्या विषाचा पूर्ण अंमल असताना डोळ्यांच्या बाहुल्यासुद्धा हलेनाशा होतात, आणि माणूस आत पूर्ण शुद्धीवर असतो. बरे झाल्यावर अशा रुग्णांनी पलंगाशेजारी झालेले बोलणे जसेच्या तसे सांगितल्याचे मी ऐकले आहे. म्हणून त्याच्याजवळ उभे राहून निरवानिरवीचे बोलू नका. आज कोणता वार आहे, पाऊस किती झाला, घरचे कोण भेटून गेले, ते सांगा.

प्रश्न : गळ्याला भोक पाडायचे म्हणतात. म्हणजे आशा सोडली का? (नेरूळ)

उत्तर : नाही. ट्रॅकिऑस्टॉमी ही बहुतेक वेळा सुटण्याच्या वाटेवरची सोय असते. तोंडातली नळी निघाल्याने गुंगी कमी लागते, कफ काढणे सोपे होते, रुग्णाला बसवता येते, आणि मशीन काही तास काढून पुन्हा लावणे हे दार उघडण्याइतके साधे होते. ती चौथ्या दिवसाच्या आत करावी की दहाव्यानंतर, याची ब्रिटनमध्ये मोठी तुलना झाली. जीव वाचण्यात फरक पडला नाही, आणि थांबलेल्यांपैकी पुष्कळांना ती लागलीच नाही. म्हणून साधारण दहा दिवस वाट पाहणे गैर नाही. गरज संपल्यावर नळी काढतात आणि भोक बहुधा आपोआप भरून येते.

प्रश्न : डॉक्टर म्हणाले, ‘व्हेंटिलेटर काढण्याचा विचार करा.’ आजोबा बरे होत आहेत की संपत आले आहेत, हेच आम्हाला कळेना. (खारघर)

उत्तर : हा गोंधळ भाषेचा आहे, आणि दोष आमचा. ‘व्हेंटिलेटर काढणे’ हे एकच वाक्य आम्ही तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. रुग्ण स्वतः श्वास घेऊ लागला म्हणून काढणे, ही पहिली. दुसरी, मेंदू मृत झाल्याचे ठरले म्हणून. त्यासाठी १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांनी, किमान सहा तासांच्या अंतराने, दोनदा तपासणी करायची असते. तिसरी, बरे होण्याची शक्यता उरली नाही म्हणून उपचार लांबवणे थांबवायचे. ही तिसरी गोष्ट घरच्यांच्या तोंडी होकारावर किंवा एका डॉक्टरच्या मतावर होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०१८ च्या निकालाने आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यात केलेल्या सुधारणेने त्याची पद्धत ठरवली आहे : उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ, त्यानंतर तीन डॉक्टरांचे दुसरे मंडळ, ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक जण असतो, नातलगांची संमती, आणि अंमलबजावणीपूर्वी दंडाधिकाऱ्यांना कळवणे. आजोबांनी शुद्धीत असताना उपचारांविषयीचे इच्छापत्र करून ठेवले असेल, तर तेही पुढे ठेवा.

उद्या भेटीत सरळ विचारा : ‘तुम्ही काढणे म्हणता ते या तिन्हींतले कोणते?’ वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध सही करून, अँब्युलन्समध्ये फुगा दाबत माणसाला घरी नेण्याचा मार्ग जर पैशांपायी तुमच्या मनात असेल, तर आधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जाऊन या. शासनाच्या आरोग्य योजनेत बसणारे कित्येक रुग्ण केवळ कागद वेळेवर न दिल्याने बाहेर राहतात.

प्रश्न : बाबा जागे आहेत, पण नळीमुळे बोलता येत नाही. लिहायला दिले तर नुसत्या रेघोट्या निघतात आणि ते चिडतात. आम्ही काय करावे? (कळवा)

उत्तर : आधी त्यांचा चष्मा नेऊन द्या, आणि श्रवणयंत्र असेल तर तेही, दाखल करताना या वस्तू पिशवीत घालून घरी पाठवल्या जातात आणि तिथेच राहतात. हात अशक्त असल्याने अक्षर उमटत नाही, म्हणून एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत बाराखडी लिहा आणि वर स्वतंत्र चौकटींत ‘दुखते’, ‘तहान’, ‘कफ’, ‘कूस बदला’, ‘घरी सगळे ठीक?’ असे शब्द लिहा. बोट फिरवण्याइतकी ताकद बहुतेकांत असते. पुठ्ठा पलंगाच्या कठड्याला दोऱ्याने बांधून ठेवा, म्हणजे रात्रपाळीच्या सिस्टरांनाही तो हाताशी सापडेल.